पाण्यावरची रेघ : मार्क ट्वेनची मिसिसिपी आणि नदीच्या सौंदर्याचा प्रश्न

जगातल्या देखण्या नद्यांवरचे मराठी लेख वाचताना एक गोष्ट हटकून जाणवते. त्यांत नदी नेहमी दुरून दिसते. कोलंबियातली कान्यो क्रिस्तालेस 'इंद्रधनुषी' असते, मानाउसजवळची काळसर रिओ निग्रो आणि गढूळ सोलिमोएश यांची भेट 'अद्भुत' असते, चीनमधली ली नदी 'चित्रासारखी' असते. विशेषणांची अदलाबदल केली तरी लेखाचे काही बिघडत नाही. कान्यो क्रिस्तालेसचा तांबडा रंग पाण्याचा नाही. तळच्या खडकाला धरून वाढणाऱ्या मॅकारेनिया क्लाव्हिजेरा या वनस्पतीचा तो रंग आहे. पाणी फार चढले तर तिथवर ऊन पोचत नाही आणि फार उतरले तर ती उघडी पडून सुकते. ही माहिती अशा लेखात आली तरी शेवटी, चौकटीत येते. आधी सौंदर्य पाहून घ्यावे, माहिती मागाहून घ्यावी. उलट केले तर सौंदर्य नासेल, अशी काहीशी धास्ती त्यामागे असावी.

ही धास्ती जुनी आहे आणि तिचा सर्वांत प्रसिद्ध जबाब मार्क ट्वेनने दिला आहे. 'लाइफ ऑन द मिसिसिपी' या १८८३ च्या पुस्तकातल्या नवव्या प्रकरणात तो सांगतो की नदी वाचायला शिकलो आणि तिचे सौंदर्य कायमचे गमावून बसलो. अमेरिकी पाठ्यपुस्तकांत हा उतारा पिढ्यान्‌पिढ्या नेमला जात आहे आणि ज्ञान व सौंदर्य यांच्या वैराचा पुरावा म्हणून तो पुढे केला जातो. मला हा पुरावा कच्चा वाटतो. तो खोडणारी साक्षही ट्वेननेच, त्याच पुस्तकात आणि 'हकलबेरी फिन'मध्ये, नोंदवून ठेवली आहे.

आधी पार्श्वभूमी. सॅम्युएल क्लेमेन्स १८५७ मध्ये, एकविसाव्या वर्षी, होरेस बिक्सबी या पायलटाकडे उमेदवारीला लागला. पायलट म्हटले की आज आपल्याला विमान आठवते. त्या काळी आगबोटीच्या माथ्यावरच्या काचेच्या खोलीत सुकाणू धरून उभा असणारा तो पायलट. कप्तान बोटीचा मालक असला, तरी बोट चालू असताना पायलटला हुकूम देण्याची त्याचीही प्राज्ञा नसे. सेंट लुईस ते न्यू ऑर्लिन्स हा नदीचा हजार-बाराशे मैलांचा पट्टा शिकवण्याचे बिक्सबीने पाचशे डॉलर ठरवले. क्लेमेन्सला १८५९ च्या एप्रिलमध्ये परवाना मिळाला आणि १८६१ मध्ये यादवी युद्धाने नदीवरची वाहतूक थांबवली तेव्हा त्याची नोकरीही संपली. पुढे घेतलेले 'मार्क ट्वेन' हे नावसुद्धा नदीवरचेच. शिसे सोडून खोली मोजणारा खलाशी 'दोन वाव' पाणी मिळाले की तशी आरोळी देई. दोन वाव म्हणजे बारा फूट. बोट जाऊ शकेल एवढे पाणी.

हे दिवस त्याने १८७५ साली 'अ‍ॅटलांटिक मंथली'त क्रमशः लिहिले. तेच लेख पुढे पुस्तकाचा पूर्वार्ध झाले. म्हणजे सौंदर्य गमावल्याची तक्रार सुकाणू सुटून चौदा वर्षे लोटल्यावर, नदीपासून शेकडो मैल दूर बसून केलेली आहे.

आता तो उतारा. ट्वेन एका सूर्यास्ताचे वर्णन करतो. पात्र रक्तासारखे लाल झाले आहे, मध्ये सोनेरी होत जाते आहे, त्यावरून एकच काळा ओंडका वाहत येतो आहे. एके ठिकाणी पाण्यावर तिरपी चमकती खूण आहे, दुसरीकडे रंगीत उकळ्या फुटताहेत, कुठे गुळगुळीत पाण्यावर नाजूक वर्तुळे उमटली आहेत. डावीकडच्या रानाची सावली एका रुपेरी रेघेने कापली आहे. झाडीच्या वर एक वठलेले झाड आपली एकुलती हिरवी फांदी ज्योतीसारखी हलवते आहे. हे झाले उमेदवाराचे पाहणे. पुढच्या परिच्छेदात तो याच गोष्टी पायलटच्या नजरेने पुन्हा मोजतो. सूर्य असा मावळला म्हणजे उद्या वारा. ओंडका वाहतो आहे म्हणजे पाणी चढते आहे. तिरपी खूण म्हणजे पाण्याखालची वाळूची कड, ती अशीच वाढली तर एखाद्या रात्री कुणाची तरी बोट खाईल. उकळ्या म्हणजे वाळूचा दांडा विरघळतो आहे, वाट सरकते आहे. वर्तुळे म्हणजे तिथे पाणी उथळ होत चालले आहे. सावलीतली रुपेरी रेघ म्हणजे नव्याने रुतलेल्या झाडाच्या बुंध्यावर फुटणारा प्रवाह. आणि ते वठलेले झाड लवकरच पडणार. मग अंधारात या जागेतून वाट कशी काढायची? शेवटी त्याला डॉक्टरांची कीव येते. सुंदर गालावरची लाली त्यांना रोगाचीच खूण वाटत असेल ना!

हे दोन परिच्छेद शेजारी ठेवून वाचले की पहिली शंका येते ती गद्याविषयी. 'गमावलेले' सौंदर्य ज्यात आहे तो परिच्छेद चांगला आहे, पण ओळखीचा आहे. तसे सोने आणि तसे रक्त एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याही सूर्यास्तात सापडते. दुसऱ्या परिच्छेदातले काहीही दुसऱ्या कुठल्या नदीला चिकटवता येत नाही. ज्या भागात सौंदर्य मेले असे लेखक म्हणतो तिथेच त्याची भाषा जिवंत होते. तिथे प्रत्येक वाक्यात नदी काहीतरी करते आहे: वाढते, विरघळते, सरकते, बोटी खाते.

ही शंका माझ्या आधी पुष्कळांना आली आहे. लिओ मार्क्स या अमेरिकी समीक्षकाने १९५६ साली 'पायलट आणि प्रवासी' या जोडीवर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. प्रवाशाला सौंदर्य दिसते पण ते उसन्या संकेतांतले, पायलटला सत्य दिसते पण ते रूक्ष. ही कोंडी ट्वेनने हक फिनच्या तोंडी नदी देऊन फोडली, असे मार्क्स यांचे प्रतिपादन. पुरावा आहे 'हकलबेरी फिन'च्या एकोणिसाव्या प्रकरणातली पहाट. ही कादंबरी १८७६ मध्ये सुरू झाली नि १८८३ मध्ये पुरी झाली, म्हणजे ती 'अ‍ॅटलांटिक'मधल्या लेखांनंतरची. हक आणि पळालेला गुलाम जिम तराफा बांधून काठाला बसले आहेत. समोर उजाडते आहे. हकला पाण्यावर एक रेघ दिसते. त्या रेघेच्या रूपावरून त्याला कळते की तिथे वेगाच्या धारेत एक बुंधा रुतला आहे आणि त्यावर पाणी फुटते म्हणून रेघ अशी दिसते. हे सारे त्याच्या एकाच लांबलचक, अडाणी, 'आणि' लावत जाणाऱ्या वाक्यात येते. पलीकडून फुलांचा वास येतो, आणि कधीकधी कुणी टाकून दिलेल्या मेल्या माशांची घाणही येते, हेही तो त्याच दमात सांगतो.

म्हणजे नवव्या प्रकरणातली तीच रेघ, तोच बुंधा. तिथे त्यांनी सौंदर्य मारले होते, इथे ते सौंदर्याचाच भाग झाले आहेत. कुजके मासेसुद्धा. आपल्या प्रवासवर्णनांतल्या नद्यांना वास का नसतो, असा प्रश्न हे वाचताना मला दर वेळी पडतो.

मार्क्स इथवर बिनचूक आहेत. पण या पहाटेत प्रश्न सुटला असे ते मानतात, तिथे मला थांबावेसे वाटते. हक आणि जिम त्या सकाळी निवांत आहेत. रात्रभर वाहत आले आहेत, दिवसा लपून राहायचे आहे, कुठे जायचे नाही. तो बुंधा तराफ्याच्या वाटेत नाही. ज्ञान आणि सौंदर्य तिथे एकत्र नांदतात, कारण त्या घटकेला पाण्यावर कुणाचे काही लागलेले नाही. ट्वेनच्या तक्रारीतला खरा गुन्हेगार ज्ञान नसून जबाबदारी असावी, असा संशय इथून येतो. पुस्तकाकडे परत गेले की तो बळावतो.

त्या सूर्यास्ताच्या थोडे आधी, त्याच प्रकरणात, एक गमतीचा प्रसंग आहे. पाठ्यपुस्तके तो गाळतात. पाण्याखालची खरी कड कशी दिसते हे बिक्सबीने शिकवले आहे. पुढे उमेदवार एकटा सुकाणूवर असताना समोर तशीच लांब रेघ दिसते. तो घाबरून बोट वळवू लागतो. बिक्सबी येतो आणि थंडपणे त्याला बोट सरळ त्या रेघेवरून न्यायला लावतो. काहीच होत नाही. ती नुसती वाऱ्याने उठवलेली रेघ होती, हुबेहूब कडेसारखी. मग दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? गुरू म्हणतो, ते सांगता येणार नाही. हळूहळू तुला कळू लागेल, पण कसे कळते हे तुलाही कधी सांगता येणार नाही.

आता हे ज्ञान कोरडे म्हणायचे का? ज्याला नियम नाही, जे शब्दांत उतरत नाही, जे नजरेच्या सरावाने अंगात मुरते, त्याला आपण कलेच्या प्रांतात रसिकता म्हणतो. दोन रागांतला एकच स्वर वेगळा कसा लागतो हे सांगणाऱ्या गवयाची अडचण बिक्सबीच्या अडचणीहून फार निराळी नसते. फरक एवढाच की गवयाचा अंदाज चुकला तर कुणी बुडत नाही.

उत्तरार्धात साक्ष आणखी स्पष्ट होते. १८८२ च्या वसंतात, एकवीस वर्षांनी, ट्वेन नदीवर परतला. सेंट लुईसच्या धक्क्यावर जिथे मैलभर आगबोटींची रांग असे, तिथे आता चार-सहा बोटी पेंगत होत्या. माल रेल्वेने पळवला होता. सरकारने काठाकाठाने दिवे लावले होते, रुतलेले बुंधे उपटण्यासाठी खास बोटी फिरत होत्या. खुद्द बिक्सबीने एका सहकाऱ्याबरोबर नदीच्या वाटांचे नकाशे तयार करून होकायंत्राने दिशा आखून दिल्या होत्या. जे सांगता येणार नाही म्हणाला होता, ते गुरूने कागदावर उतरवले! ट्वेन याचे कौतुक करतो आणि लगेच कुरकुरतो की या सोयींनी पायलटच्या धंद्यातली सारी रंगत घालवली.

ही कुरकुर नवव्या प्रकरणाशी जुळवून पाहावी. तिथे त्याला दुःख होते की ज्ञानाने सौंदर्य नेले. इथे ज्ञानाची गरज संपली तर आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी तो त्या ज्ञानासाठीच हळहळतो. याच फेरीत तो पहाटे चारच्या पाळीला स्वतःला उठवून घेतो, कारण मिसिसिपीवरचे उन्हाळी सूर्योदय कितीही पाहिले तरी पुरेसे होत नाहीत, असे त्याचे म्हणणे. कायमचे गेलेले सौंदर्य पहाटे चारला डेकवर हजर! पायलटचे ज्ञान तो विसरलेला नव्हता. दिव्यांवर आणि नकाशांवर त्याचे शेरे आहेत ते जाणत्याचे आहेत. बदल एवढाच झाला होता की सुकाणू आता दुसऱ्याच्या हातात होते आणि खालच्या माणसांचे जीव त्याच्या माथ्यावर नव्हते. (आयुष्यातला सर्वांत मोठा घाव त्याला आगबोटीवरच बसला. धाकटा भाऊ हेन्री १८५८ मध्ये 'पेन्सिल्व्हेनिया' बोटीचे बॉयलर फुटून गेला. पण त्यात नदीचा हात नव्हता.)

ज्ञान सौंदर्याच्या आड येत नाही याचा आणखी एक दाखला भिंतीवर टांगलेला सापडतो. हॅरॉल्ड फिस्क या भूवैज्ञानिकाने १९४४ साली मिसिसिपी नदी आयोगासाठी खालच्या खोऱ्याचा अहवाल लिहिला. नदीने हजारो वर्षांत सोडलेली जुनी पात्रे त्यात वेगवेगळ्या रंगांत दाखवली आहेत, एकावर एक, रिबिनींच्या गुंत्यासारखी. कोरडा सरकारी कागद. आज लोक त्या नकाशांच्या छापील प्रती विकत घेऊन दिवाणखान्यात लावतात. अर्थात दिवाणखान्यातही कुणाची बोट नसते.

माझे बालपण सांगलीत गेले. पावसाळ्यात आयर्विन पुलावर 'पाणी बघायला' जाणे हा तिथला रिवाज. कृष्णा पात्राबाहेर पडली की पुलाच्या कठड्याला माणसांची रांग लागे, शेंगा खात, पोरांना खांद्यावर घेऊन. सगळ्यांना आकडे पाठ असत : चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसला धोका. उंचावरच्या पेठांतले लोक आकडा ऐकून परत पाण्याकडे बघत. सखल वस्तीतली माणसेही त्याच कठड्याला, त्याच पाण्याकडे बघत उभी असत, पण ती फार वेळ थांबत नसत. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा बघायला जाण्याची वाटच उरली नाही. आकडा दोघांनाही ठाऊक होता. कुणाचे घर किती फुटांवर आहे, यावर सारा फरक होता.

ट्वेनला हे ठाऊक होते का? पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात तो मिसिसिपीची एक खोड सांगतो. वळणे घेता घेता ती एखाद्या रात्री वळणाचा गळा कापून सरळ निघते आणि अलीकडचे गाव पलीकडे जाते. गुलामगिरीच्या दिवसांत, तो म्हणतो, अशा एखाद्या कापाने मिझुरीतला गुलाम उचलून इलिनॉयमध्ये ठेवला असता आणि तो स्वतंत्र माणूस झाला असता. वाक्य सहज, विनोदाच्या ओघात येते आणि तो पुढे जातो. नवव्या प्रकरणातल्या सूर्यास्तात अशा माणसाला जागा नाही. त्या बोटींच्या तळाशी कापसाच्या गाठींबरोबर दक्षिणेत विकायला नेलेली माणसेही असत. पायलटच्या काचेच्या खोलीतून त्यांच्यासाठी ही नदी कशी दिसत असेल, याचा विचार त्या उताऱ्यात शिरत नाही. 'लाइफ ऑन द मिसिसिपी' या अंगाने अपुरे पुस्तक आहे, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

अपुरे राहिलेले 'हकलबेरी फिन'मध्ये पुरे होते, पण मार्क्स यांनी निवडलेल्या पहाटेत नाही. त्याच्या तीन प्रकरणे आधी, सोळाव्या प्रकरणात, दुसरी एक पहाट आहे. सौंदर्याच्या चर्चेत ती कुणी घेत नाही, कारण तिच्यात सौंदर्याचा शब्दच नाही.

बेत असा आहे. तराफ्याने कैरोपर्यंत जायचे. हे इलिनॉयच्या टोकाचे गाव, इजिप्तच्या राजधानीचे नाव मिरवणारे. तिथे ओहायो नदी मिसिसिपीला मिळते. तिथे तराफा विकून आगबोटीने ओहायोवरून वर, गुलामगिरी नसलेल्या राज्यांत जायचे. जिमचे सारे आयुष्य या एका संगमावर टांगलेले आहे. पण रात्री प्रवास करणाऱ्यांना कैरो ओळखू कसे यावे? जिम म्हणतो, दोन मोठ्या नद्या मिळतात, तेव्हा कळेलच. हकला वाटते, अंधारात एखाद्या बेटाचे टोक ओलांडून पुन्हा त्याच नदीत आलो असेही वाटेल. दोघे नजर ताणून दिवे शोधतात. दिवा दिसला की जिम उडी मारतो, 'आलं!', आणि ते काजवे निघतात. मधे एक रात्र दाट धुक्याची गेली आहे. दोघे एकमेकांना हरवून पुन्हा सापडले आहेत, पण त्या धुक्यात आणखी काय हरवले याची त्यांना खबर नाही.

मग एके सकाळी उजाडते आणि काठाच्या बाजूने ओहायोचे स्वच्छ पाणी वाहताना दिसते, बाहेरच्या अंगाला मिसिसिपीचा नेहमीचा गढूळ लोंढा. एका पात्रात दोन रंग, शेजारी शेजारी. मानाउसला हेच दृश्य पाहायला पर्यटक बोटी भाड्याने घेतात. सहा किलोमीटरपर्यंत न मिसळणाऱ्या त्या दोन पाण्यांचे फोटो जगातल्या देखण्या नद्यांच्या प्रत्येक यादीत असतात. इथे दोनच माणसे ते पाहतात आणि त्यांना ते अचूक वाचता येते. ओहायो वर कुठेतरी मिळून गेली. कैरो मागे, धुक्यात राहिले. आता प्रवाह त्यांना फक्त दक्षिणेकडे, गुलामांच्या बाजाराकडेच नेणार.

हक दृश्याला एकही विशेषण लावत नाही. एका वाक्यात पाण्याचे दोन रंग सांगतो आणि कैरोचे संपले म्हणतो. नवव्या प्रकरणातला ट्वेन इथे म्हणाला असता की ज्ञानाने पुन्हा एकदा सौंदर्य खाल्ले. मला तसे वाटत नाही. मिसिसिपीचे हे मी वाचलेले सर्वांत मोठे वर्णन आहे, आणि ते पायलटचे नाही, प्रवाशाचेही नाही. एकोणिसाव्या प्रकरणातली पहाट लोभस आहे, पण ती सुटकेच्या घटकेतली आहे. इथे पाहणाऱ्याचे सगळेच पाण्यावर लागलेले आहे, आणि म्हणून ते पाणी इतके स्वच्छ दिसते. त्याला सुंदर म्हणण्याचा हक्क आपला नाही, एवढेच.

तराफा धारेविरुद्ध वर नेता येत नाही. दोघे ठरवतात की अंधार पडला की होडीने उलटे जाऊन पाहू. दिवसभर काठावरच्या कॉटनवुडच्या झाडीत झोपून घेतात, रात्री वल्ही मारायला अंगात जोर राहावा म्हणून. अंधारताना तराफ्यापाशी येऊन पाहतात, तो होडी नाहीशी झालेली असते.